धुळ्याला गेलेला अर्धा तुकडा

आमच्या गल्लीत एक सर्जन आहेत. त्यांचं हॉस्पिटल माझ्या लॅबच्या इतकं जवळ आहे की त्यांच्या जिन्यात कोणी शिंकलं तर मला ऐकू येतं. माणूस सज्जन, हात चांगला, पेशंटशी वागणं गोड. पण त्यांचं एक वाक्य आहे आणि ते मी इतकी वर्षं ऐकत आले आहे की ते ऐकू येण्याआधीच माझे कान गरम होतात. "मॅडम, तुमचा रिपोर्ट उत्तमच आहे. फक्त एकदा धुळ्याला दाखवून घेऊ."

धुळं म्हणजे माझी मैत्रीण. मी जळगावात पॅथॉलॉजिस्ट, ती धुळ्यात पॅथॉलॉजिस्ट. सर्जननं काढलेली गाठ आमच्याकडे येते, आम्ही तिचे पातळ काप करून रंगवतो, मायक्रोस्कोपखाली बघतो आणि ती साधी आहे की कॅन्सरची ते लिहून देतो. लोकांना आम्ही रक्त-लघवी तपासणारे म्हणून माहीत असतो. तेही करतोच, लॅबचं भाडं त्यातूनच निघतं. पण जीव असतो तो गाठींमध्ये. आणि जळगावात बसून मी काहीही लिहिलं तरी ते धुळ्याहून शिक्कामोर्तब होऊन आल्याशिवाय आमच्या गल्लीत कोणाला खरं वाटत नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही उगीच नाही.

मत्सर हा शब्द फार पुस्तकी आहे. साध्या भाषेत याला पोटात दुखणं म्हणतात, आणि माझं खरोखर पोटातच दुखतं, बरगड्यांच्या जरा खाली.

हे मी घरूनच आणलं असावं. माझे वडील कापडाचे व्यापारी. आमचं घराणं मूळ राजस्थानचं, पण जळगावात इतक्या पिढ्या झाल्या की आता तिकडचं काही उरलं असेल तर ते पापड-लोणच्यात. वडील गादीवर बसून समोरच्या दुकानाकडे असे बघत, जणू तिथे शिरणारं प्रत्येक गिऱ्हाईक आमच्याच घरातून उठून गेलंय. जेवताना आईला सांगायचे, "त्याचा माल आपल्यापेक्षा चांगला नाही. त्याचं बोलणं चांगलं आहे." पुढे दुकान भावांना मिळालं. वडिलांची ती नजर तेवढी माझ्या वाट्याला आली.

मैत्रीण आणि मी धुळ्याच्या मेडिकल कॉलेजात एका खोलीत राहिलो. ती साक्रीकडच्या शेतकरी घरातली. उशिरा उठायची, माझ्या बरणीतलं लोणचं न विचारता खायची, माझा टॉवेल वापरायची आणि परीक्षेत माझ्या वर यायची. वॉर्डात गेली की थेट अहिराणीत सुरू व्हायची. खेड्यातल्या बाया, ज्या माझ्या प्रश्नांना नुसती मान हलवायच्या, त्या तिला बघितल्या की उशीला टेकून उठून बसायच्या आणि सुनेच्या तक्रारींपासून सगळं सांगायच्या. मला अहिराणी पूर्ण कळते. दुकानात वडील गिऱ्हाइकांशी तीच बोलायचे. पण घरात आम्हा मुलांना ती बोलू दिली नाही, शिकलेल्यांनी शुद्ध बोलावं म्हणून. त्यामुळे आजही मी ती बोलायला तोंड उघडलं की नाटकातल्यासारखी वाटते.

पॅथॉलॉजीला आम्ही दोघी एकदमच गेलो. मी गेले कारण मला मायक्रोस्कोपचं वेड होतं. ती का गेली? तिच्याच शब्दांत, "सकाळी लवकर उठावं लागत नाही गं." आणि बघा, नाव तिचं झालं.

तिचं नाव झालं ते डोक्याच्या कातडीवरच्या गाठींमुळे. या गाठी बहुतेक वेळा साध्याच असतात. केसाच्या मुळाशी पांढरा मळ साचून झालेली पिशवी, नाहीतर चरबीचा गोळा. आम्ही चार ओळी लिहितो आणि विषय संपतो. पण या साध्या गाठींच्या गर्दीत क्वचित कधीतरी भलतंच काही निघतं. म्हाताऱ्या माणसाच्या टकलावर मार लागल्यासारखा निळसर डाग असतो आणि तो रक्तवाहिन्यांचा कॅन्सर निघतो. तरुण मुलाच्या डोक्यावर महिनाभरात लिंबाएवढी झालेली गाठ मायक्रोस्कोपखाली बघताना भयंकर दिसते, आणि असते निरुपद्रवी, आपोआप जिरणारी. अशा गाठी ओळखायला नजर लागते आणि त्याआधी त्या आपल्या दारात याव्या लागतात. त्या तिच्या दारात येतात. आमचा खानदेशातल्या पॅथॉलॉजिस्टांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर ती अशा गाठीचा फोटो टाकते आणि खाली लिहिते, "काय वाटतं?" मग दिवसभर वाहवा चालते. मी अंगठा दाखवते. अंगठा दाखवण्याआधी फोटो मोठा करून कोपऱ्या-कोपऱ्यात बघते, कुठे काही चुकलंय का म्हणून. अजून तरी सापडलेलं नाही.

ही सगळी पार्श्वभूमी सांगितली, कारण आता ज्या गाठीची गोष्ट सांगणार आहे ती माझ्याकडे फाटक्या अवस्थेत आली.

धरणगावकडच्या एका खेड्यातली बाई होती, पन्नाशीच्या अलीकडची. नवरा-बायकोची पिठाची गिरणी. टाळूच्या जरा मागे, डोक्यावर ओझं घेताना जिथे चुंबळ ठेवतात नेमकी तिथे, तिला कित्येक वर्षं एक गाठ होती. दुखत नव्हती, केसांत झाकलेली होती. धान्याची पोती आणि चाऱ्याचे भारे वाहून आली असेल, असं सगळे म्हणत आणि तीही म्हणे. मग ती अलीकडे वाढायला लागली, फणी अडकायला लागली, म्हणून आमच्या सर्जननी काढली. त्यांनाही ती चरबीचीच वाटली होती.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. घरातल्या कोणाची गाठ काढली की ती एकाच ठिकाणी तपासायची नाही. पत्रिका दोन ज्योतिषांना दाखवावी तशी गाठ दोन लॅबला दाखवायची, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता लागू द्यायचा नाही, म्हणजे खरं बाहेर येतं. त्यासाठी सर्जन गाठीचे दोन भाग करतात. कितीदा सांगितलं की गाठ म्हणजे लाडू नव्हे, की निम्मा इकडे दिला आणि निम्मा तिकडे दिला तरी चव तीच. एका भागात एक दिसतं, दुसऱ्यात दुसरं. पण नातेवाईक हट्ट धरतात आणि सर्जन वाईटपणा घेत नाहीत.

या बाईच्या नवऱ्यानेही तेच सांगितलं. सर्जनना तर कापायचेही कष्ट पडले नाहीत, कारण गाठ निघतानाच दोन तुकड्यांत निघाली होती. वरचा तुकडा कातडीसकट, नीट, बदामाच्या आकाराचा. खालचा चरबीत रुतलेला, ओढून काढताना चिंध्या झालेला.

माझ्याकडे बरणी आली तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी झाकण उघडलं, चिमट्याने तुकडे बाहेर काढले आणि फोन लावला. "सर, कातडी कुठे आहे?"

"ती... दुसरीकडे दिलीये, मॅडम."

दुसरीकडे म्हणजे कुठे, हे विचारायची मला गरज नव्हती. देखणा तुकडा धुळ्याला, चिंध्या मला. पाहुण्यांना साजूक तुपातला शिरा आणि घरच्यांना खरवड. अंगाची लाही झाली. बरणी परत पाठवून द्यावी असंही वाटलं. पण मग मी त्यातला एक तुकडा ब्लेडने कापून बघितला आणि राग जरा बाजूला राहिला. आत खोबऱ्यासारखा पांढरट, घट्ट भाग होता, आणि तो चरबीत जिथे शिरत होता तिथे त्याला कड अशी नव्हतीच. साधी गाठ आपली हद्द पाळते. ही पाळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी स्लाइड तयार झाली. सुतासारख्या लांबट पेशी, चटई विणावी तशा आडव्या-उभ्या, गोल फिरत गेलेल्या. सगळ्या एकसारख्या, शांत दिसणाऱ्या. या गाठीची लबाडी हीच, ती दिसते शांत. पण खाली चरबीच्या गोल गोल थेंबांमध्ये जितक्या फटी होत्या तितक्या फटींतून त्या पेशी आत घुसलेल्या होत्या, पार तुकड्याच्या टोकापर्यंत. तिचं नाव लांबलचक आहे, डर्मॅटोफायब्रोसारकोमा प्रोट्युबरन्स. आम्ही डीएफएसपी म्हणतो. अंगावर ती क्वचित दिसते आणि डोक्यावर तर फारच क्वचित. मी तोवर डोक्यावरची एकही पाहिली नव्हती.

मी खुर्चीवरून उठले, पाणी प्यायले, परत बसले आणि पुन्हा बघितलं. आली होती. शेवटी एक माझ्याही दारात आली होती. मला इतका आनंद झाला की मी चहावाल्याला स्पेशल सांगितला. तो पिताना कुठे माझ्या डोक्यात आलं की या स्लाइडच्या पलीकडे गिरणी चालवणारी एक बाई आहे.

कारण ही गाठ सहसा लांब पसरत नाही, पण जागाही सोडत नाही. अर्धवट काढली की पुन्हा उगवते, आणि दर खेपेला आधीपेक्षा खोल. डोक्यावर खोल म्हणजे काय, कातडीखाली लगेच हाडच. शिवाय अशी पुन्हा पुन्हा येणारी गाठ कधी कधी खवळते आणि मग जिवावर बेतते. उपाय एकच. भोवतालची चांगली दिसणारी कातडीही धरून रुंद काढायची, हाडावरच्या पापुद्र्यापर्यंत खोल जायचं, आणि उघड्या पडलेल्या जागेवर मांडीची कातडी आणून लावायची. तिथे केस पुन्हा येत नाहीत. आणि हे लवकर करावं लागतं, मुळं अजून वर आहेत तोवर. मी हे सगळं रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलं आणि सही ठोकली. इतकी झोकदार सही मी लग्नाच्या रजिस्टरमध्येही केली नव्हती.

दोन दिवसांनी सर्जनचा फोन. "मॅडम, धुळ्याचं वेगळं आलंय. साधी गाठ म्हणतायत त्या."

तिचा रिपोर्ट मी त्यांच्याकडून मागवून वाचला. वाचला म्हणजे उवा शोधाव्यात तसा पाहिला. बिनाइन फायब्रस हिस्टिओसायटोमा, म्हणजे कातडीतली एक साधी, निरुपद्रवी गाठ. शेवटी लहान अक्षरांत एक ओळ होती, की खालची चरबी या तुकड्यात आलेली नाही, तेव्हा तिथलं सांगता येत नाही. त्या ओळीनं मला जास्तच चीड आली. चुकली आहे, पण मागचं दार उघडं ठेवून चुकली आहे. अर्थात ती ओळ सर्जननी वाचली नव्हती. कोणीच वाचत नाही.

आता परिस्थिती अशी होती. ती बरोबर ठरली तर बाई सुखरूप. मी बरोबर ठरले तर बाईला कॅन्सर. मी कोणाच्या बाजूने होते ते विचारू नका. संध्याकाळी नवकार मंत्राची माळ घेऊन बसले. रोज काही ना काही मागायची सवय, त्या दिवशी काय मागावं तेच कळेना. नुसतीच माळ ओढली आणि उठले.

माझा तुकडा काप पाडण्यासाठी मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला होता, तो ठोकळा मी मुंबईच्या एका लॅबला पाठवला. तिथे एक खास रंग चढवतात, तो या गाठीच्या पेशींना धरतो आणि त्या साध्या गाठीच्या पेशींना धरत नाही. स्लाइड परत आली तेव्हा तिच्यावर तपकिरी रंग गच्च चढला होता. कुठे शंकेला जागा नव्हती. मी ती उजेडाकडे धरून नुसत्या डोळ्यांनीही बघितली.

"मानलं तुम्हाला," सर्जन म्हणाले. मी त्यांना ते वाक्य परत म्हणायला लावलं असतं, पण फोनवर रेंज गेली.

त्यांनी नवरा-बायकोला बोलावून घेतलं आणि समजावायला माझ्याकडे पाठवलं. बाई उंच, हाडापेरानं मजबूत, डोक्यावर पट्टी आणि पट्टीवर पदर. नवरा नम्र, टोपी हातात घेऊन बसलेला. मी चित्र काढून दाखवलं. कातडी, खाली चरबी, खाली हाड, आणि चरबीत राहिलेली मुळं. सगळं ऐकून घेतल्यावर नवरा म्हणाला, "मॅडम, धुयाना मॅडमनी साधी लिखेल शे."

मी म्हटलं, त्यांना वरचा भाग मिळाला होता.

"तेच म्हनस मी. अर्धी गाठ चांगली व्हती, अर्धी खराब व्हती. खराब ती सरनी काढी टाकी. आते काय ऱ्हायनं?"

त्याच्या डोळ्यांत लबाडी नव्हती. दोन ठिकाणी दाखवायचं, दोन उत्तरं येतात, मग दोन्ही खरी. घरात जमिनीचे हिस्से पडावेत तसे त्याने गाठीचे हिस्से पाडले होते. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. एकच गाठ, एकच आजार, वरून शांत आणि खालून घुसलेली. मी बोलत गेले आणि माझं मराठी जास्त जास्त शुद्ध होत गेलं. ते मला ऐकू येत होतं, पण थांबवता येत नव्हतं.

बाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "नवरा जित्ता शे आनि मी डोकं बोडकं करू?"

मी म्हणाले, तेवढ्याच भागातले केस जातील, ही वैद्यकीय बाब आहे, याचा तसा अर्थ घ्यायचा नसतो. दोघांनी मान हलवली. नवरा उठता उठता म्हणाला, विचार करतो आणि येतो. मी व्यापाऱ्याची मुलगी आहे. 'विचार करतो आणि येतो' म्हणणारं गिऱ्हाईक पायरी उतरलं की परत येत नाही, हे मला चालायला लागायच्या आधीपासून माहीत आहे.

ते आले नाहीत. सर्जननी फोन केले तर नवरा सांगायचा, गव्हाचा हंगाम आहे, गिरणीला उसंत नाही. जखम भरली होती, बाईला काही दुखत नव्हतं. हातात दोन कागद होते आणि माणूस दोन कागदांतला आपल्या सोयीचा तो खरा मानतो. मी असते तरी तेच केलं असतं. पण ती मुळं चरबीत कुठपर्यंत गेली होती ते मी पाहिलं होतं. भाकरी थापताना, स्कूटर लावताना, मधेच मला ते दिसायचं.

दुसरा काही मार्ग नव्हता. धुळ्याचा कागद धुळ्यानेच रद्द करायला हवा होता. सर्जनना म्हटलं, तुम्ही फोन करा. ते म्हणाले, "तुमची मैत्रीण आहे, तुम्हीच बोललात तर बरं दिसेल." बरं दिसेल म्हणे. वडिलांना समोरच्या दुकानात जाऊन सांगावं लागलं असतं ना, की माझं गिऱ्हाईक तुम्ही समजूत घालून माझ्याकडे पाठवा, तसं मला वाटलं. आणि मला आतून हेही कळत होतं की मी शंभर टक्के बरोबर असून मैत्रिणीच्या होकाराशिवाय माझ्या बरोबर असण्याला काडीची किंमत नाही.

फोन केला. सगळं सांगितलं. मी मनात वाक्यं तयार ठेवली होती, ती चिडली तर काय म्हणायचं, टाळाटाळ केली तर काय म्हणायचं. ती म्हणाली, "अगं बाई. रविवारी येते."

रविवारी ती ठरल्या वेळेपेक्षा दीड तास उशिरा आली. गाडीला एका बाजूला पोचा, कुठे आपटली विचारलं तर तिलाच आठवत नव्हतं. आल्या आल्या डबा उघडून माझे खाखरे खाल्ले. मग मायक्रोस्कोपला डोळे लावले. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिले. खरं सांगते, मला तो चेहरा पडताना बघायचा होता. इतक्या वर्षांत एकदा तरी.

"घुसलीय की गं चांगलीच," ती म्हणाली. स्लाइड सरकवत राहिली. "काय सुंदर दिसतेय. चुकले मी."

बस, एवढंच. मला राहवलं नाही. म्हटलं, "तू लिहिलं होतंस की, चरबी आलेली नाही म्हणून."

"लिहिलं होतं. पण लोक पहिली ओळ वाचतात. पहिली ओळ माझी चुकली." आणि तिने बॅगेतून लेटरहेड काढून तिथेच दुरुस्त रिपोर्ट लिहिला. लिहिताना पेन अडलं, तर माझं घेतलं. ज्या गोष्टीच्या नुसत्या कल्पनेनं मला दरदरून घाम फुटतो, ती गोष्ट तिने हातावरचं पीठ झटकावं तशी झटकली. तिच्या बरोबर असण्याचा हेवा मला सवयीचा होता. तिला चुकताही इतकं छान येतं, हे नवीन होतं. पोटात दुखायला लागलं ते बरगड्यांच्या पार खालपर्यंत.

"चल," ती म्हणाली, "त्या बाईकडे ने मला."

मी म्हटलं, फोनवर सांग ना. ती म्हणाली, "कागद मी पाठवला होता, आता माणूस जायला पाहिजे."

गिरणी गावाच्या तोंडाशीच होती. पट्ट्याचा खडखडाट चालू होता आणि बाई दळण काढत होती. भुवयांवर, पापण्यांवर पीठ. आम्हाला बघून नवऱ्याने मशीन बंद केलं आणि दोन डबे उलटे करून बसायला दिले. मी ओळख करून दिली, या धुळ्याच्या मॅडम. नवरा एकदम उभाच राहिला. माझ्यासाठी तो उभा राहिला नव्हता.

ती डब्यावर बसली नाही. बाईजवळ जमिनीवर बसली आणि बोलायला लागली. "अक्का, मी चुकनू. माले वरनी बाजू भेटनी, खालनी या मॅडमले भेटनी. खरं खाले व्हतं. गाठ एकच शे, अर्धी चांगली अर्धी खराब असं नही ऱ्हास. या मॅडम पहिलापासून बरोबर व्हत्यात."

बाईने माझ्याकडे बघितलं, "हो का?" म्हणाली, आणि परत तिच्याकडे वळली.

मग केसांचा विषय निघाला. बाईने तेच म्हटलं, नवरा जित्ता असताना बोडकं डोकं. माझ्या मैत्रिणीने वैद्यकीय वगैरे काही म्हटलं नाही. "डोकावर पदर ऱ्हास ना तुमना? मंग कोन दखस? आनि अक्का, जित्ता नवराले बायको बी जित्ती पाहिजे."

नवरा हसला. हसता हसता त्याने तोंड फिरवलं आणि मशीनच्या पट्ट्याशी काहीतरी करायला लागला.

बाईने हातावरचं पीठ पदराला पुसलं. माझ्या मैत्रिणीला म्हणाली, "आपली चूक सांगाले जी बाई धुयाथीन आठे येस, ती माले खोटं कसाले सांगी? करसू मी."

झालं. जे मला चित्रं काढून, रंग चढवून, मुंबईचा पुरावा आणून जमलं नाही, ते तिने चुकून दाखवून केलं. मी तिथे डब्यावर बसून पाणी पीत होते. माझ्या मनात आलं, की मी बरोबर होते म्हणून ही बाई माझ्यावर विश्वास ठेवत नाही, आणि माझी मैत्रीण चुकली म्हणून तिच्यावर ठेवतेय. याला न्याय म्हणायचा का? पण बाई हो म्हणाली होती. ते 'करसू' ऐकताना माझ्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं, तेही खरं आहे.

परत येताना गाडीत ती म्हणाली, "खरं सांगू? तुझी स्लाइड बघून मी जळले गं. डोक्यावरची डीएफएसपी मला अजून एकही मिळालेली नाही. आणि मिळाली ती अर्धीच." आणि खदखदून हसली. मीही हसले. इतकी वर्षं जो शब्द मी तोंडातून काढू शकले नाही तो तिने मला दोन सेकंदांत, गिअर बदलता बदलता देऊन टाकला होता. मला तोही शब्द तिच्यासारखा म्हणता आला नसता.

नाशिकहून प्लास्टिक सर्जन आले आणि आमच्या गल्लीतल्याच हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. तळहाताएवढी कातडी काढली, खाली हाडाच्या पापुद्र्यापर्यंत. काढलेला तुकडा या वेळी कापायचा नाही, अख्खा एकाच ठिकाणी द्यायचा, हे सर्जननी पक्कं केलं होतं. कोणाकडे द्यायचा ते त्यांनी बाईलाच विचारलं. नंतर ते स्वतः माझ्या लॅबमध्ये सांगायला आले, खुर्चीत बसले, टेबलावरचं पेपरवेट फिरवत राहिले. मी म्हटलं, "धुळ्याला ना? जाऊ द्या." त्यांनी चहाही घेतला नाही.

पंधरा-वीस दिवसांनी बाई माझ्या लॅबचा जिना चढून वर आली. ड्रेसिंगसाठी आली होती, सर्जन ऑपरेशनमध्ये होते, आणि धुळ्याचा रिपोर्ट इंग्रजीत होता. "मॅडम, वाची द्या," तिने कागद पुढे केला. पट्टीवर पदर घट्ट ओढून ती समोर बसली. नवरा खाली गाडीपाशी थांबला होता. त्याच्याने वर येववलं नाही, असं ती म्हणाली.

मी वाचायला सुरुवात केली. पुढची कड मोकळी, म्हणजे कापलेल्या कडेला गाठीची एकही पेशी नाही. मागची मोकळी. डावी, उजवी. मी थांबले, कारण खरी भीती खालच्या कडेची होती. तीही मोकळी, आणि तेही चांगल्या अंतराने. मी शेवटची लहान अक्षरंही वाचली. सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं, कुठे एक शब्द जास्त नाही. हे असंच लिहायला हवं होतं. हे मला लिहायचं होतं.

"म्हंजे बठ्ठी गयी?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं, "सगळी गेली."

तिने पदर तोंडाला लावला. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो तिने घेतला. मग कागदाची नीट घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली आणि उठली. दारात वळून म्हणाली, "त्या मॅडमले सांगी द्या, मी वाचनू म्हनीसन."

मी म्हटलं, सांगते.

त्याला आता बरेच महिने झाले. मैत्रिणीशी आठवड्यातून एकदा तरी बोलणं होतं. तिला ते अजून सांगितलेलं नाही.